वजन बेताचंच, तरीही इन्सुलिन रेझिस्टन्स: मग नेमकं बदलायचं काय?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. इथलं लिखाण बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

नेहमीच्या तपासणीत मला टाइप टू डायबेटिस निघाला. उपाशीपोटी साखर १४८, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.४. पुन्हा तपासून घेतलं, आकडे जवळपास तेच. वय चाळिशीच्या पुढे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं आणि म्हणाले, "तुमच्या शरीरात इन्सुलिन आहे, पण ते लागू पडत नाहीये, म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स आहे. जीवनशैली बदला, थोडं वजन उतरवा."

मी अडले आहे ती इथेच. मला आजवर कुणी जाड म्हटलेलं नाही, गोडाचीही फारशी ओढ नाही. वजन उतरवायचं तर कुठून? आणि इन्सुलिन तयार होत असेल तर ते काम का करत नाही? 'जीवनशैली बदला' असं सगळेच सांगतात, पण त्यातल्या कशाने किती फरक पडतो हे कुणी उलगडून सांगत नाही. औषधाने साखर खाली येणारच असेल तर बाकीचं किती मनावर घ्यायचं, हाही प्रश्न आहेच.

ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा घरात जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

पायवाट
जेवण झालं की चालायला लागा. आजपासूनच. बाकीचं सावकाश ठरवता येईल. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

लिंबोणी
कोरीपाटी, निदान झाल्यावर सुरुवातीला सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही हे पाहिलंय. थोड्या दिवसांनी त्यातून वाट दिसायला लागते.

एक आठवण करून देते. टाइप टूमध्ये साखर वाढल्याचं कळायच्या आधीपासून ती वाढलेली असू शकते. म्हणून डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडातून गळणारं प्रथिन) आणि पायांची संवेदना या तपासण्या निदान झाल्याबरोबर करून घ्यायच्या असतात. 'त्रास झाला की बघू' असं करू नका.

सूक्ष्मदर्शी
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही. 'इन्सुलिन असून काम का करत नाही' हा प्रश्न मात्र मला फार जवळचा आहे.

इन्सुलिनची मुख्य कामं तीन ठिकाणी चालतात. स्नायूंमध्ये ते ग्लूट-४ नावाच्या वाहकांना पेशीच्या पृष्ठभागावर आणतं आणि मग रक्तातलं ग्लुकोज आत जातं. यकृताला ते सांगतं की आता नवीन ग्लुकोज बनवून रक्तात सोडू नकोस. आणि चरबीच्या पेशींना सांगतं की साठवलेली चरबी धरून ठेव. रेझिस्टन्स म्हणजे या तिन्ही ठिकाणी तोच निरोप पोचवायला जास्त इन्सुलिन लागणं. तुमची उपाशीपोटीची १४८ साखर ही रात्री खाल्लेल्याची उरलेली साखर नव्हे. यकृताने रात्रभर स्वतः बनवलेली ती साखर आहे, कारण त्याला थांबायचा निरोप नीट मिळत नाही.

असं का होतं? याचं सगळं उत्तर अजून मिळालेलं नाही, पण एक मोठा भाग कळलाय. चरबी ठेवायची शरीराची हक्काची जागा म्हणजे त्वचेखालचा थर. घरातला माळा भरला की सामान जिन्यात आणि दारात येऊन पडतं, तसं हा थर भरला की चरबी यकृतात, स्नायूंमध्ये, स्वादुपिंडात जाते. स्नायू आणि यकृताच्या पेशींत साठलेले चरबीचे काही घटक इन्सुलिनच्या संदेशाच्या साखळीतच अडथळा आणतात. कुणाचा माळा केवढा हे मोठ्या प्रमाणात जन्मतः ठरतं. म्हणून एकाला १०० किलोला काही होत नाही आणि दुसऱ्याला ६५ किलोला होतं.

सुरुवातीची कित्येक वर्षं स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त इन्सुलिन बनवून हे निभावून नेतात. साखर नॉर्मल येते आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्या कमी पडायला लागल्या की साखर वर जाते. म्हणजे रेझिस्टन्स आणि बीटा पेशींचं थकणं, दोन्ही जमून आलं की टाइप टू होतो.

हे काही आजकाल लागलेले शोध नाहीत. हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की काही मधुमेही इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत. पण रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती. ती रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास करून दिली, आणि मोठेपणी मधुमेह झालेल्या अनेकांत इन्सुलिन कमी नसून उलट भरपूर आहे हे दिसलं. यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

गुणाकार
सूक्ष्मदर्शी, उत्तम प्रतिसाद. त्यात बीएमआयबद्दल भर घालतो.

बीएमआय फक्त वजन आणि उंची बघतो. त्यातली चरबी किती, स्नायू किती आणि चरबी आहे कुठे, हे त्याला कळत नाही. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दक्षिण आशियाई लोकांत हे बरंच आढळतं. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ च्या पुढे धोका वाढतो असं धरावं, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची त्याच वर्षीची शिफारस आहे.

उलट्या टोकाचं उदाहरण लायपोडिस्ट्रॉफीचं. या विरळ आजारात त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच. माणूस काटकुळा दिसतो आणि इन्सुलिन रेझिस्टन्स मात्र जबरदस्त असतो, कारण चरबीला हक्काची जागाच नाही.

कोरीपाटी, टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. उंचीच्या निम्म्याहून जास्त आला तर प्रश्न वजनाचा नसून पोटातल्या चरबीचा आहे असं समजा.

कोरीपाटी
मोजला. निम्म्याहून जास्तच आहे. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) कमी असंही लिहिलंय, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि एका ओळखीच्यांनी होमा-आयआर ही रेझिस्टन्स मोजायची तपासणी करून घे म्हणून सांगितलंय. करू का?

गुणाकार
संबंध आहे, आणि अगदी जवळचा. रेझिस्टन्स असलेलं यकृत ट्रायग्लिसराइड जास्त बनवून रक्तात सोडतं आणि त्यापाठोपाठ एचडीएल उतरतं. वाढलेला रक्तदाब, ही दोन चरबीची लक्षणं आणि इन्सुलिन रेझिस्टन्स एकत्र फिरतात हे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ च्या व्याख्यानात मांडलं आणि त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. आज आपण मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो ते यातूनच आलं.

होमा-आयआर म्हणजे उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले ४०५ (साखर मिलिग्रॅममध्ये असेल तर). १९८५ पासूनचं सूत्र आहे. संशोधनात उपयोगी पडतं, पण वेगवेगळ्या लॅबचं इन्सुलिनचं मोजमाप जुळत नाही आणि सर्वमान्य अशी एक सीमारेषाही नाही. तुमचं निदान झालेलंच आहे, त्या आकड्याने उपचार बदलणार नाहीत. टेप आणि ट्रायग्लिसराइड यांवरून दिशा कळते.

पायवाट
आता चालण्याबद्दल.

स्नायू आकुंचन पावला की ग्लूट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवायही पृष्ठभागावर येतो. ही वेगळी वाट रेझिस्टन्स असणाऱ्यांतही शाबूत असते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट हीच आहे. तुम्ही चालता त्या क्षणी साखर स्नायूत जायला लागते. वजन उतरायची वाट बघावी लागत नाही.

जेवणानंतर का? कारण साखर तेव्हाच चढत असते. २०१३ सालच्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहाचा धोका असलेल्या ज्येष्ठांना प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालायला लावलं होतं. दिवसभराची साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्याने जेवढी सुधारली तेवढीच यानेही सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तर हे जास्त उपयोगी ठरलं. १५ मिनिटं जमत नसतील तर १० चाला. घरातल्या घरात चाला. फोनवर बोलता बोलता चाला.

दुसरं, बसून राहणं. एका प्रयोगात दर २० मिनिटांनी उठून फक्त २ मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही लक्षणीय कमी झाले. माझं काम बैठं आहे. घड्याळात गजर लावून मी उठतो आणि हे वर्षानुवर्षं टिकलंय, कारण त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

तिसरं, व्यायामाने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारतो तो साधारण एक ते तीन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून आठवड्याला सांगितलेली व्यायामाची १५० मिनिटं शनिवार-रविवारी उरकण्यापेक्षा, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू न देणं महत्त्वाचं.

नातवंड
आमच्या घरी रात्रीचं जेवण झालं की माझी पाच वर्षांची मुलगी आजोबांच्या चपला आणून त्यांच्या पुढ्यात ठेवते. "आजोबा, साखर वाट बघतेय!" त्यांना मग उठावंच लागतं. पायवाट यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

लोखंड
सगळे चालण्यावरच थांबतात, म्हणून लिहितो. जेवणातलं ग्लुकोज सामावून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. वय वाढेल तसे स्नायू झडतात, म्हणजे ते कोठारच लहान होत जातं. वजन बेताचं आणि पोट सुटलेलं असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता जास्त. कोरीपाटी, तुमच्या बाबतीत हा मुद्दा वजनापेक्षाही मोठा असू शकेल.

आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम करा, मोठ्या स्नायूंचे: मांड्या, नितंब, पाठ, छाती. जिममध्ये जायलाच हवं असं नाही. माझ्या आईने सत्तरीत सुरुवात केली. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टा ओढणं. हळूहळू आवर्तनं वाढवली. तिची साखर सुधारली, पण मला जास्त आनंद या गोष्टीचा झाला की ती आता जिना कठड्याला न धरता चढते.

डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलायचं नाही, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून लिंबोणी यांनी सांगितलेली डोळ्यांची तपासणी आधी.

मध्यरात्र
झोपेबद्दल कुणी बोललंच नाही. मी फिरत्या पाळीत काम करते.

१९९९ मध्ये धडधाकट तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता स्पष्टपणे घसरली. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तर एकाच अपुऱ्या रात्रीनंतर निरोगी लोकांत इन्सुलिनचा प्रतिसाद कमी झालेला दिसला. एकच रात्र!

माझ्या बाबतीत रात्रपाळीच्या आठवड्यात तेच जेवण, तेच चालणं, तरी मीटरवर आकडे वर असतात. पाळी माझ्या हातात नाही. जे हातात आहे ते मी करते: खोली पूर्ण अंधारी, फोन बाहेर, आणि पहाटे तीनला भूक नसताना निव्वळ जागं राहण्यासाठी खाणं बंद. ज्यांना मोठ्याने घोरण्याचा त्रास आहे आणि दिवसा डुलक्या लागतात त्यांनी स्लीप अॅप्नियासाठी (झोपेत श्वास अडखळण्याचा आजार) तपासून घ्यावं. त्याचा आणि इन्सुलिन रेझिस्टन्सचा जवळचा संबंध आहे.

निम्मंताट
हे सगळं ठीक, पण मूळ मुद्दा खाण्याचा आहे. पिष्टमय पदार्थ कमी केल्याशिवाय काही होत नाही. साखर वाढवतात तेच पदार्थ खायचे आणि मग ती उतरवायला चालायचं, हे मला पटत नाही. मी पिष्टमय पदार्थ अगदी मोजके ठेवलेत आणि माझी एचबीएवनसी सहाच्या आत आहे.

चिमूटभर
निम्मंताट, तुम्हाला जमलं याचा आनंद आहे, पण 'त्याशिवाय काही होत नाही' हे बरोबर नाही. पिष्टमय कमी केल्याने साखर लवकर उतरते हे अभ्यासांत दिसतं. पण वर्षभरानंतर इतर आहारांच्या तुलनेतला फरक बराच कमी होतो, मुख्यतः लोकांना तो आहार टिकवता येत नाही म्हणून. यकृतातली चरबी उतरणं हे खरं काम आहे, आणि ते एकूण खाणं कमी झाल्याने होतं. वाट कोणतीही असो.

मी आहाराचं काम करते. समोरच्याला मी सर्वांत आधी पेयांबद्दल विचारते. साखरेची पेयं आणि फळांचे रस थांबवणं हा सगळ्यात सोपा आणि मोठा बदल. फळ चावून खा, रस नको. मग पांढऱ्या, चाळलेल्या पिठाच्या जागी सालासकट धान्य आणि कडधान्यं. मग ताटातला क्रम: भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय शेवटी. जेवण तेच ठेवून नुसता क्रम बदलला तरी साखरेची चढण कमी होते हे तपासलं गेलंय.

निम्मंताट
क्रमाचं मान्य, मीही तसंच खातो. पण 'टिकत नाही' हे कारण देऊन लोकांना तो पर्याय सांगायचाच नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. ज्याला टिकवायचंय त्याला निवडू द्या.

चिमूटभर
यावर आपलं एकमत आहे. पर्याय सगळे सांगायचे, निवड त्याची.

सावधान
थांबा, इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी परिचारिका आहे.

मेटफॉर्मिन एकटं घेतल्याने साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फार कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही एकाएकी खाणं कमी केलंत किंवा उपास धरलात, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तातडीची मदत बोलवायची. आणि ज्यांची औषधं 'ग्लिफ्लोझिन' या शब्दाने संपतात त्यांनी पिष्टमय अगदी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार) होऊ शकतो.

आहार बदलणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. डोस कमी करावा लागेल तो त्यांना करू द्या.

उंबरठा
मी हा धागा पहिल्यापासून वाचते आहे आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याला टाइप टू होऊन खूप वर्षं झाली. तो नियमित चालतो, खाण्यावर त्याचा ताबा आहे. तरी आधी एक गोळी, मग दोन, आणि आता इन्सुलिन लागलं. 'अमक्याने औषधं सोडली', 'तमक्याने डायबेटिस पळवला' असं कुणी सांगितलं की तो गप्प होतो. परवा म्हणाला, "मीच कुठेतरी कमी पडलो." मला फार वाईट वाटलं. जीवनशैलीबद्दल बोलताना आपण अशा माणसांना काय सांगतो आहोत, याचा कुणी विचार करतं का?

सूक्ष्मदर्शी
उंबरठा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचे पती कमी पडलेले नाहीत.

ब्रिटनमधला यूकेपीडीएस हा टाइप टूचा मोठा अभ्यास १९७७ मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात दिसलं की निदान होतं तेव्हाच बीटा पेशींचं काम साधारण निम्म्यावर आलेलं असतं आणि पुढेही ते घटत जातं. निदानानंतर ९ वर्षांनी सुमारे एक चतुर्थांश लोकांनाच एका औषधावर साखर लक्ष्यात ठेवता आली. म्हणजे औषधं वाढणं हा आजाराचा नेहमीचा प्रवास आहे. जीवनशैली रेझिस्टन्स कमी करते, पण हरवलेल्या बीटा पेशी ती परत आणू शकेलच असं नाही. त्या कमी पडतात तेव्हा इन्सुलिन बाहेरून देणं हाच योग्य उपचार आहे.

आणि त्यांचं चालणं फुकट जात नाहीये. त्यामुळे इन्सुलिनचा डोस कमी लागतो, रक्तदाब आणि रक्तातली चरबी आटोक्यात ठेवायला मदत होते. त्यांना हे नक्की सांगा.

उंबरठा
वाचून दाखवलं त्याला. मनापासून आभार.

गुणाकार
'डायबेटिस पळवला' बद्दल खरे आकडे काय आहेत ते मांडतो, म्हणजे खोटी आशाही नको आणि निराशाही नको.

रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये ११ लोकांना ८ आठवडे रोज ६०० कॅलरींवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली, कारण यकृतातली चरबी आधी उतरते. पुढे 'डायरेक्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान होऊन ६ वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले ३०६ लोक. देखरेखीखाली काही महिने साधारण ८५० कॅलरींचा द्रव आहार, मग हळूहळू नेहमीचं खाणं. वर्षभराने आहारगटातल्या ४६ टक्के लोकांचा आजार औषधांशिवाय रेमिशनमध्ये (साखर मधुमेहाच्या पातळीखाली) होता, नेहमीच्या उपचारांत ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. पण दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, आणि पुढे आणखी घटले. वजन परत आलं की साखरही परत येते.

म्हणून शब्द 'रेमिशन' असा आहे, 'बरा झाला' असा नाही. २०२१ च्या तज्ज्ञांच्या व्याख्येप्रमाणे साखरेचं औषध थांबवून किमान ३ महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिली तर रेमिशन. तपासण्या त्यानंतरही चालूच ठेवायच्या.

कोरीपाटी, आता तुमच्यासाठीचा भाग. याच गटाने २०२३ मध्ये बीएमआय २७ च्या आतल्या २० जणांवर असाच प्रयोग केला. वजन सरासरी फक्त ६.५ टक्के उतरलं आणि २० पैकी १४ जण रेमिशनमध्ये गेले. अभ्यास लहान आहे, पण 'मी जाड नाही, मग उतरवू काय' याला त्यात उत्तर आहे. ६५ किलोच्या माणसाला हे साधारण चार-साडेचार किलो होतात. मात्र लोखंड म्हणतात तसा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं सोबत ठेवा, नाहीतर स्नायूच उतरतील.

तिरपाहिशोब
पण मग अमेरिकेतल्या लुक अहेड अभ्यासाचं काय? ५१४५ लोक, अनेक वर्षं कडक जीवनशैली कार्यक्रम, आणि हृदयविकार कमी झालाच नाही म्हणून २०१२ मध्ये थांबवला. जीवनशैलीचं महत्त्व आपण वाढवून सांगतोय असं मला वाटतं.

गुणाकार
रास्त प्रश्न. हृदयविकाराच्या घटनांत फरक दिसला नाही, हे खरं. पण त्याच अभ्यासात औषधं कमी लागली, हालचालीची क्षमता टिकली, स्लीप अॅप्निया सुधारला. माझा निष्कर्ष इतकाच की हृदयासाठी फक्त चालण्यावर विसंबू नये. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची औषधं डॉक्टरांनी दिली असतील तर ती घ्यावीत, आणि सिगारेट सोडावी. सिगारेट ओढणाऱ्यांत टाइप टूचा धोकाच ३० ते ४० टक्के जास्त असतो.

तिरपाहिशोब
हे पटलं.

कोरीपाटी
बऱ्याच दिवसांनी परत आले. तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, कसे आभार मानू कळत नाही.

तिन्ही जेवणांनंतर चालते. लोखंड यांच्या आईंसारखे खुर्चीचे आणि भिंतीचे व्यायाम सुरू केलेत. रस बंद, ताटाचा क्रम बदललाय. जेवणानंतर दोन तासांची साखर १४० च्या आसपास यायला लागली आहे. पण सकाळची अजून १३० च्या घरात अडकली आहे. रात्री कमी खाल्लं तरीही. हे कशामुळे?

आणि एक. माझी धाकटी बहीण माझ्यासारखीच आहे, बारीक अंगाची आणि पोट थोडं पुढे. तिने तपासावं का?

सूक्ष्मदर्शी
पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात आणि आपण जागं होण्याआधीची तयारी म्हणून यकृत साखर सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन ती लगेच आवरतं, तुमच्या यकृताला तो निरोप अजून नीट पोचत नाही. जेवणानंतरची साखर चालण्याने लगेच उतरते, कारण ते स्नायूंचं काम. सकाळची साखर यकृतातली चरबी उतरेल तशी उतरते, त्याला वेळ द्यावा लागतो. रात्रीची झोप आणि पोटाचा घेर यांवर लक्ष ठेवा. तीनेक महिन्यांनी एचबीएवनसी बघा. आणि तेव्हाही सकाळची हटत नसेल तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला, ओढून ताणून खाणं कमी करू नका.

सावधान
एचबीएवनसी करताना हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोह कमी असेल तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालणार असेल तर बी-१२ अधूनमधून बघायचं असतं.

लिंबोणी
बहिणीने जरूर तपासावं. सख्ख्या भावंडाला असणं हाच मोठा धोका आहे. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली तर तिला प्रीडायबेटिस आहे असं समजायचं, आणि त्या टप्प्यावर हाती सर्वांत जास्त लागतं. मधुमेह टाळण्याबद्दलच्या अमेरिकेच्या २००२ च्या डीपीपी अभ्यासात ३२३४ लोक होते. ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. तिच्या मानेच्या मागची किंवा काखेतली त्वचा काळसर, मखमली झाली असेल किंवा पीसीओएस (अंडाशयाचा हॉर्मोनशी संबंधित विकार) असेल तर अजिबात लांबवू नका. तिला या आठवड्यातच घेऊन जा. आणि शक्य असेल तर दोघी मिळून चाला.